अडतीसचा ताप आणि एकशे सातचं ऊन

एप्रिलमध्ये मराठवाड्यात कोण फिरायला जातं, असं आमच्या ह्यांनी विचारलं. मी म्हटलं, फिरायला कोण चाललंय, मी बघायला चाललेय. काय बघायला, ते लगेच सांगितलं नाही. घरात आधीच माझी ख्याती अशी, की दुधाची पिशवी मी उजेडात धरून बघते आणि रिक्षात बसले की मीटरवरची नजर काढत नाही. या ब्लॉगवर नेहमी येणाऱ्यांना हे माहीत आहे. लॉजच्या खोलीत शिरल्यावर आधी गादी उलटून बघा, हा सल्ला माझाच, आणि त्याबद्दल बऱ्याच जणांनी आभारही मानले होते.

तर झालं असं. माझी मोठी बहीण, अक्का, माकणीला असते. धाराशिव जिल्हा, लोहारा तालुका, निम्न तेरणा धरणाच्या जवळ. तिचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, पाटबंधाऱ्यात नोकरीला होते, आता शेती बघतात. मुलगा सुहास बरीच वर्षं इंग्लंडमध्ये, लेस्टरला. तिथंच त्याचं लीनाशी लग्न झालं. लीना मराठीच, पण तिचे आजोबा तरुणपणी तिकडं गेलेले, त्यामुळं तिचा जन्म, शाळा, सगळं तिकडचं. गेल्या दिवाळीत दोघं माकणीला राहायला आले, शेतीत काहीतरी नवं करू म्हणून. मग तिकडचं घर विकायला सुहास परत गेला आणि लीना इथंच राहिली. नवरा लेस्टरला, सून माकणीला, तेही ऐन उन्हाळ्यात. माझ्या मनात तिथंच पाल चुकचुकली. ही पोरगी आज ना उद्या निघून जाणार, असं मी ह्यांना बोलूनही दाखवलं होतं.

एप्रिल लागला आणि अक्काचा फोन आला. हसू आवरेना तिला. सूनबाईनं ओसरीच्या खांबाला तिच्या आजोबांचं एक गोल तबकडीचं थर्मामीटर टांगलंय आणि ती म्हणते, आज ऊन एकशे सात आहे. टीव्हीवाले बेचाळीस म्हणतायत आणि ही म्हणते एकशे सात. गल्लीभर झालं. शेजारणी येऊन विचारायला लागल्या, आज तुमच्याकडं किती गं, दीडशे का? मीही फोनवर पोटभर हसले.

पुढच्याच आठवड्यात दाजींना ताप आला. किती, असं विचारलं तर अक्का म्हणाली, ‘लई न्हाय, अडतीस. सूनबाईनं मोजलाय.’ मागून दाजींनी फोन घेतला आणि म्हणाले, ‘फक्त अडतीस हाय, काही येऊ नका.’ आवाज हसरा होता, पण वाक्य संपता संपता दम लागत होता. संध्याकाळी लीनाचा मेसेज आला, इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत. बाबांना अडतीस पॉइंट आठ ताप आहे, चार दिवस झाले, कुणी ऐकत नाही, बाबा सुहासचंही ऐकत नाहीत, मावशी प्लीज या.

ह्यांनी मेसेज वाचला आणि म्हणाले, सेल्सिअस असणार. मग वहीच्या कोपऱ्यात नऊने गुणून पाचाने भागून बत्तीस मिळवले आणि म्हणाले, जवळजवळ एकशे दोन. मी म्हटलं, असं कसं? ऊन मोजायचं फॅरनहाइटमध्ये आणि ताप सेल्सिअसमध्ये? जगात कुणी करत नाही असं. एकतर सगळं ह्यात मोजा, नाहीतर सगळं त्यात. आणि खरंच एकशे दोन असेल तर अक्का निवांत कशी? म्हणजे एक तर मोजणं खोटं, नाहीतर सांगणं खोटं. मला तर सरळ दिसत होतं. पोरीला घरी जायचंय. सासऱ्यांचा ताप फुगवून सांगायचा, मला बोलावून घ्यायचं, म्हातारा-म्हातारी माझ्या गळ्यात घालायची आणि विमान पकडायचं. मी माझं पाऱ्याचं काचेचं थर्मामीटर रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकलं आणि ह्यांना गाडीत पेट्रोल भरायला सांगितलं.

पुणे ते माकणी जायचं असेल तर उजाडायच्या आत निघा. उन्हाळ्यात तर नक्कीच, कारण दुपारी सोलापूरच्या पुढं रस्त्यावर नुसत्या झळा नाचतात. रस्ता चांगला आहे, चौपदरी आहे, आणि म्हणूनच ट्रकवाल्यांचा भरवसा धरू नका. फास्टॅगमध्ये आधीच पैसे भरून ठेवा. भिगवणच्या पुढं आम्ही पोहे खाल्ले. पोहे बरे होते, चहा मात्र उकळून उकळून काळा केलेला, तो मी ह्यांच्याकडं सरकवला. सोलापुरात शेंगाचटणी आणि कडक भाकरीचं एक पाकीट घेतलं. तिथल्या तिथं फोडून चाखलं. शिळी चटणी लगेच कळते, खवट वास येतो. ही ताजी होती.

नळदुर्गचा किल्ला वाटेवरच आहे, एवढं जवळ जाऊन न बघता पुढं जाऊ नये. आत बोरी नदीवर बंधारा बांधून त्याच्या पोटात पाणीमहाल केलाय. पावसाळ्यात बंधाऱ्यावरून पाणी पडतं तेव्हा बघायचा तो. आम्ही गेलो तेव्हा थेंब नव्हता. तरी आत गेल्यावर दगडाचा गारवा इतका चांगला होता की हे तिथंच बसून राहिले. माझं चित्त मात्र थाऱ्यावर नव्हतं. बाहेर येऊन अक्काला फोन केला. ती म्हणाली, सूनबाई म्हणते आज एकोणचाळीस झालाय. म्हणजे वाढला का, मी विचारलं. एकानं वाढला, अक्का म्हणाली, आणि जेवायला थांबू नका, मी धपाटे लावते म्हणाली. एकानं वाढला, हे शब्द तिनं भाजीचा भाव सांगावा तसे सांगितले.

तरीही उमरग्यात जेवलो, कारण ह्यांना भूक निघत नाही. उमरगा म्हणजे हैदराबाद रस्त्यावरचं जागतं गाव. ट्रक, टायरची दुकानं, दवाखानेच दवाखाने, आणि ढाब्यावर मराठी, कानडी, तेलुगू एकाच टेबलावर. ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, कांदा, असं दोघांचं जेवण तीनशेच्या आत झालं. येसर म्हणजे भाजलेल्या धान्याचं आणि मसाल्याचं पीठ, त्याची आमटी अंगावर घाम आणते, आणि उन्हाळ्यात तोच घाम गार करतो असं इथं म्हणतात. शेजारच्या टेबलावर दोन ड्रायव्हर बोलत होते. एक म्हणाला, आज बेचाळीस आहे. दुसरा म्हणाला, काल त्रेचाळीस होतं, माझ्या मोबाइलनं सांगितलं. एकशे सात कुणी म्हणालं नाही. मी ह्यांच्याकडं अर्थपूर्ण बघितलं.

उमरग्याहून आत वळलं की गर्दी एकदम संपते. तुरीची रिकामी रानं, मधेच उसाचा हिरवा तुकडा, आणि त्र्याण्णवच्या भूकंपानंतर नव्यानं वसवलेली गावं, पट्टीनं आखल्यासारख्या सरळ गल्ल्यांची. माकणीत मुक्कामाला लॉज वगैरे शोधू नका. ओळखीचं कुणी नसेल तर उमरग्यातच राहा आणि धरण बघायला दिवसा या.

लीना फाटकातच उभी होती. सुती पंजाबी ड्रेस, डोक्याला ओढणी गुंडाळलेली, नाक उन्हानं सोललेलं. वाकून नमस्कार केला. तिचं मराठी ऐकायला गंमत वाटते, कारण ते तिच्या आजोबांचं मराठी आहे. आपण नाश्ता म्हणतो, ती न्याहारी म्हणते. म्हणाली, ‘मावशी, बरं झालं तुम्ही आलात. आत्ता एकोणचाळीस पॉइंट दोन आहे.’ मी हो म्हटलं आणि चपला काढता काढता खांबाकडं बघितलं. पितळी काठाची ती तबकडी तिथं लटकत होती आणि काटा एकशे सातच्या थोडा पुढं होता.

दाजी आतल्या खोलीत बाजेवर होते, समोर कूलर. मला बघून उठून बसायला लागले. चेहरा उतरलेला, ओठ सुकलेले, पण तोंड हसरं. मी हालहवाल विचारायच्या आधीच पर्समधून माझं थर्मामीटर काढलं, झटकलं आणि त्यांच्या जिभेखाली दिलं. लीना दारात उभी राहून बघत होती. तिला राग आला असेल तर तिनं दाखवला नाही. पारा एकशे दोनच्या वर अर्ध्या घरावर थांबला. ह्यांनी मोबाइलवर हिशेब केला आणि सगळ्यांसमोर जाहीर केलं की पोरीचा आकडा बरोबर आहे. मला ते आवडलं नाही. आकडा बरोबर निघाला म्हणून हेतू बरोबर, असं थोडंच असतं.

अक्काला मी म्हटलं, अगं, एकशे अडीच ताप आहे. अक्का गोंधळली. म्हणाली, पण ही तर एकोणचाळीस म्हणत होती. दाजी मधेच म्हणाले, काचेची जुनी थर्मामीटरं जास्तच दाखवतात, उन्हातून आलंय ते, पर्समध्ये तापलं असेल. गोळी घेतलीये, उद्या सकाळी बघू. अक्कानं मान डोलावली. उन्हाचा तडाखा आहे, तळपायाला कांदा चोळला की उतरेल, असं तिचं म्हणणं. माझंही चुकलंच, मी हट्ट धरला नाही. माझं लक्ष दाजींवर नव्हतंच, मी लीनाच्या चेहऱ्यावर काही सापडतंय का ते शोधत होते.

दुपारी ताक प्यायला ओसरीवर बसलो. धपाटे, दही, शेंगदाण्याचा ठेचा. अक्काच्या हाताला अजूनही तीच चव आहे. मी लीनाला सरळ विचारलं, की बाई, ताप एका मापात आणि ऊन दुसऱ्या मापात, हा काय प्रकार आहे? तिनं सांगितलं ते मी इथं देते, कारण लेस्टरला जाणाऱ्यांना उपयोगी पडेल. तिच्या आजोबांची मागच्या अंगणात टोमॅटोची काचेची खोली होती, थर्मामीटर तिथलं. तिकडं थंडीचं बोलताना सगळे सेल्सिअस बोलतात, उणे तीन म्हटलं की ऐकूनच कापरं भरतं. पण उन्हाळ्यात चार दिवस ऊन पडलं की वर्तमानपत्रं मोठ्या अक्षरात फॅरनहाइट छापतात. तीस म्हटलं तर कुणाला काय वाटणार, नव्वद म्हटलं की ऊन पडल्यासारखं वाटतं. तिचे आजोबाही तसंच करत. ओव्हन सेल्सिअसमध्ये, पण आजीच्या केकची कृती फॅरनहाइटमध्ये. रस्ता मैलात, पेट्रोल लिटरात. ताप मात्र दवाखान्यात, शाळेत, घरात सगळीकडं सेल्सिअस. अडतीसच्या वर गेला की आई शाळेत पाठवत नसे.

मी म्हटलं, म्हणजे आकडा मोठा हवा असेल तर एक माप आणि बारीक हवा असेल तर दुसरं. अशा सोयीनं मोजणाऱ्या लोकांवर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

लीनानं माझ्या पेल्यात ताक ओतलं. मग म्हणाली, ‘मावशी, तुम्ही ऊन कशात मोजता?’

सेल्सिअसमध्ये, मी म्हटलं.

‘आणि ताप?’

हे हसत सुटले. मग त्यांना जोरच चढला. प्लॉट स्क्वेअर फुटात, शेत गुंठ्यात, कापड मीटरमध्ये, मुलीची उंची फुटात, सोनं तोळ्यात, असं बोटं मोडून सांगायला लागले. अक्काही हसली. मी ताकाचा पेला तोंडाला लावला आणि बराच वेळ काढला नाही. पोरगी हुशार होती. हुशार माणसाचा मला जास्तच संशय येतो.

उन्हं कलल्यावर आम्ही दोघं धरणाकडं जाऊन आलो. पाणी बरंच आत सरकलं होतं, काठाच्या चिखलाला भेगा पडल्या होत्या, त्यातून पाइप टाकून लोकांनी मोटारी लावलेल्या. बगळे भरपूर. भिंतीवरून सूर्य बुडताना छान दिसतो, कॅमेरा असेल तर न्या. हे फोटो काढत होते आणि मी विचार करत होते, की ही मुलगी इतकी शांत कशी. घरात तिचं कुणी ऐकत नाही, गल्ली हसते, नवरा जवळ नाही. अशा वेळी माणूस चिडतं, रडतं. ही शांत आहे म्हणजे हिचं काहीतरी ठरलेलं आहे.

परत आलो तर दाजींना बघायला शेजारचे एक गृहस्थ आलेले, दाजींचेच जुने सोबती. त्यांनी विचारलं, ताप किती? दाजी म्हणाले, एकोणचाळीस. गृहस्थ म्हणाले, ‘मग काय न्हाय, आमच्या घरात शंभराच्या खाली कुणी झोपतबी न्हाय.’ सगळे हसले. लीना पाण्याचा तांब्या घेऊन येत होती, ती दारातूनच मागं वळली. दाजींनी आकडा सांगताना माझ्याकडं बघायचं टाळलं. ते मला दिसलं, पण माझा सगळा संशय तेव्हा दुसऱ्याच माणसावर खर्च होत होता.

आणि मग मला ती बॅग दिसली. आम्हा दोघांना लीनाच्या खोलीत झोपायला दिलं होतं, ती अक्काजवळ दाजींच्या खोलीत झोपत होती. पलंगाखाली निळी प्रवासी बॅग, फुगलेली, चेन लावलेली, वर कुलूप नाही. मी ह्यांना म्हटलं, बघा. ह्यांनी म्हटलं, लोकांच्या बॅगा बघायच्या नसतात. ते कुशीवर वळून झोपलेसुद्धा. मी काही केलं नाही, पण सकाळी उठल्यापासून मला दुसरं काही सुचेना. लीना आणि अक्का दाजींचं अंग पुसून त्यांचे कपडे बदलत होत्या. मी खोलीचं दार लोटलं, खाली बसले आणि बॅग ओढली.

माझी तयारी झाली होती. पासपोर्ट सापडणार, तिकिटाची प्रिंट सापडणार, ती मी अक्काच्या हातात नेऊन ठेवणार. चेन उघडली तर वरच दाजींचे दोन धुतलेले लेंगे होते. त्याखाली त्यांचे बनियन, टॉवेल, चष्म्याचं घर, दात घासायचा ब्रश. स्टीलचा पेला आणि चमचा फडक्यात गुंडाळलेला. अक्काच्या दोन साड्या, इस्त्रीच्या घडीसह. चादर. दाजींचं आधार कार्ड आणि जुने रिपोर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत. मी तळापर्यंत हात घातला. लीनाचं त्यात काही म्हणजे काहीच नव्हतं.

मागं दार वाजलं. लीनाच होती. मी बॅगेपुढं तशीच बसलेली, हातात दाजींचा लेंगा. मला वाटलं आता ही मला फाडून बोलणार, आणि तशी बोलली असती तर मला बरं वाटलं असतं.

‘चार दिवसांपासून भरून ठेवली आहे,’ ती म्हणाली. ‘दवाखान्यात काय काय लागतं ते मला माहीत नाही इथलं. काही राहिलंय का?’

मी लेंगा परत बॅगेत ठेवला. लाज वाटली, अगदी कानशिलं तापली. मग ती म्हणाली, आता एकोणचाळीस पॉइंट सहा आहे, आणि बाबा श्वास भराभर घेतायत, मी मोजलेत. तेवढ्यानं मी उठले.

दाजींच्या बाजेशी जाऊन मी उभी राहिले. छाती खरंच वरखाली होत होती. मी म्हटलं, ‘दाजी, जन्मभर पाटबंधाऱ्यात आकडे वाचलेत तुम्ही. एकोणचाळीस म्हणजे किती, हे तुम्हाला माहीत नव्हतं?’

दाजींनी डोळे मिटले. अक्का कधी त्यांच्याकडं, कधी माझ्याकडं बघत होती. शेवटी ते म्हणाले, ‘माहीत होतं.’ मग थांबून थांबून सांगितलं. त्यांच्या थोरल्या भावाला असाच तापात जीपमध्ये घालून इथून नेलं होतं, आणि परत आणलं ते झाकून. तेव्हापासून दवाखान्याचं नाव काढलं की ते विषयच बदलतात. सूनबाईनं पहिल्या दिवशी अडतीस म्हटलं आणि त्यांना कळलं की हा आकडा ऐकून कुणी घाबरत नाही. ती समजावायला लागली की दाजीच म्हणायचे, हिचं ऊन एकशे सात असतं, हिच्या आकड्यांचं काय घेऊन बसलात. पोरगी खरं बोलत होती आणि दाजी तिला रोज सगळ्यांसमोर खोटी पाडत होते, स्वतःचा जीव जायची वेळ आली तरी. मला इतका राग आला की मी आजारी माणसावर ओरडले.  लीनानं त्यांच्या पाठीमागं हात घालून त्यांना उठवायला सुरुवात केली आणि त्यांनी नाही म्हटलं नाही.

दाजींना घेऊन उमरग्याला जाताना तो रस्ता मला अजिबात दिसला नाही, त्यामुळं त्याचं वर्णन करत नाही. मागच्या सीटवर दाजी लीनाच्या खांद्यावर मान टाकून होते. दवाखान्याचं नाव लिहीत नाही, पण लोक चांगले निघाले. डॉक्टरांनी छाती तपासली, फोटो काढला आणि न्यूमोनिया सांगितला. ताप मोजून म्हणाले एकशे तीनच्या वर आहे. ते ऐकून अक्का खालीच बसली. तोच ताप, तेच माणूस, सकाळी तिनंच एकोणचाळीस ऐकून चहा टाकला होता. डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून आहे, कसा चढत गेला? लीनानं पहिल्या दिवसापासूनचं सगळं तोंडपाठ सांगितलं, सकाळचा, संध्याकाळचा, गोळी दिल्यावरचा. डॉक्टर मनातल्या मनात आकडे बदलून घेत होते. मग म्हणाले, अजून दोन दिवस घरी ठेवलं असतं तर माझ्या हातात काही राहिलं नसतं.

बाहेर बाकावर अक्का माझ्या शेजारी बसली. पदर तोंडावर धरला आणि म्हणाली, ‘म्या हसले गं तिला. गल्लीत सांगून सांगून हसले.’ मग रडली. मी तिला काय समजावणार, मीही तिच्याबरोबर हसलेच होते, आणि वर लीनाच्या खोलीतली ती बॅग उचकली होती. ते अक्काला मी आजपर्यंत सांगितलेलं नाही. ती हा ब्लॉग वाचत नाही.

पहिल्या दोन रात्री दाजींना ऑक्सिजन लावला होता. लीना आणि अक्का आत, आम्ही दोघं समोरच्या लॉजवर, हजार रुपयांत बरी खोली. गादी उलटून बघितली, स्वच्छ होती. सकाळी बसस्टँडजवळ इडली चांगली मिळते, कर्नाटक जवळ असल्याचा तेवढा फायदा. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. नर्सनं थर्मामीटर बघून नव्व्याण्णव म्हटलं आणि लीना पटकन म्हणाली, ‘सदतीसच्या जरासं वर.’ दाजी कॉटवरूनच म्हणाले, आता दोन्हीत सांगत जा गं बाई. अक्कानं त्यांच्याकडं असं बघितलं की त्यांनी चादर तोंडावर ओढून घेतली. दुपारी सुहासचा लेस्टरहून फोन आला तेव्हा अक्कानंच घेतला आणि म्हणाली, तुझी बायको नसती तर तुला आज वडील नसते. लीना तिथंच उभी होती. तिनं तोंड फिरवून खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.

दाजी सुटून घरी आले आणि आम्ही पुण्याला निघालो. येताना सोलापूरला थांबलो नाही, कुठंच थांबलो नाही. घरी येऊन चार दिवस झाले तरी माझं मन तिथंच अडकलेलं. धरण छान आहे, नळदुर्ग छान आहे, येसराची आमटी तर परत खायला जाईन. पण खरं सांगू, माझ्या डोळ्यांपुढून त्या इस्त्रीच्या साड्या जात नाहीत. ज्या घरात तिच्या शब्दाला किंमत नव्हती, त्या घरच्या माणसांचे कपडे ती घड्या घालून तयार ठेवत होती आणि कुणीतरी हो म्हणेल म्हणून वाट बघत होती. आणि मी त्या घड्या चोर पकडायला म्हणून उलगडल्या.

न राहवून काल तिला फोन केला. दाजी ओसरीवर येऊन बसतात, ताक मागतात, असं तिनं सांगितलं. मग मी धीर करून म्हटलं, की मी खरं तर तुला पकडायला आले होते. तू पळून जाणार, तू ताप वाढवून सांगतेस, असं मला वाटलं होतं. माफ कर.

‘मला माहीत होतं,’ लीना म्हणाली. ‘मेसेज मी सगळ्यांना केला होता, मावशी. काकांना, आत्यांना, सुहासच्या मित्रांना. सगळ्यांनी बाबांना फोन केला, बाबा अडतीस म्हणाले, आणि सगळ्यांनी विश्वास ठेवला. कुणीच आलं नाही.’ मग म्हणाली, ‘तुम्ही एकट्याच माझ्यावर संशय घेऊन आलात. पुन्हा कधी माझा संशय आला ना, तर अशाच लगेच निघून या.’